वाचकांचे प्रश्न : शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या प्राध्यापिकेचं वर्ष

(या वेळी उत्तरं देत आहेत शैक्षणिक तंत्रज्ञान हा विषय शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका.)

प्रश्न : मॅडम, तुमचे वर्गावरचे तास तर मोजकेच असतात. मग वर्ष जातं कुठे? आणि शैक्षणिक तंत्रज्ञान म्हणजे संगणक शिकवणं का? (एक पालक)

संगणक शिकवणं नव्हे. माणूस शिकतो कसा, आणि त्यात साधनं कुठे उपयोगी पडतात व कुठे आड येतात, हा आमचा विषय. माझे बहुतेक विद्यार्थी उद्या शिक्षक होणार आहेत, काही आजच आहेत. त्यामुळे मी काय सांगते यापेक्षा मी स्वतः कशी शिकवते, याकडे त्यांचं लक्ष जास्त असतं. चित्र दाखवून त्याबद्दल बोललं तर समजायला सोपं जातं, पण तेच शब्द पडद्यावरही उमटत राहिले की डोळे वाचण्यात गुंततात आणि चित्र बाजूला पडतं, असं मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं संशोधन सांगतं. हा भाग मजकुराने गच्च भरलेल्या स्लाइड वाचून दाखवत कसा शिकवायचा?

यंदा सगळ्यात जास्त वेळ गेला तो रेकॉर्ड केलेली व्याख्यानं नव्याने बांधण्यात. फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांतला व्हिडिओ पाहण्याचा तपशील, तब्बल ६९ लाख वेळांचा, तपासला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी मध्यक पाहता विद्यार्थी सहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हते. हा आकडा आता नियमासारखा सांगितला जातो, ते मला पटत नाही. मुलं किती वेळ पाहत राहिली हे त्यातून कळतं, किती शिकली हे नाही. म्हणून मी घड्याळ लावून व्हिडिओ कापत नाही. एक कल्पना संपते तिथे कापते आणि तिथेच एक प्रश्न ठेवते. उत्तर वही न उघडता, आठवून द्यायचं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक उतारा काहींना पुन्हा वाचायला दिला, तर काहींना आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांच्या लक्षात ४२ टक्के उरलं होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के. असे प्रश्न तयार करणं हे व्हिडिओ करण्याहून अवघड काम आहे. चुकीचे पर्यायसुद्धा विद्यार्थी खरोखर जिथे गोंधळतात तिथलेच हवेत, आणि ते जुन्या उत्तरपत्रिका पुन्हा चाळल्याशिवाय सापडत नाहीत. तास दिसतात, ही तयारी दिसत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेला एक ॲप दाखवलं गेलं. ‘संशोधनाने सिद्ध’ असं विक्रेते सांगतात. आम्ही नेमकं काय तपासावं? (एक शिक्षिका)

बाई, तो अभ्यास मागवून घ्या आणि आधी एकच गोष्ट शोधा : ॲप नसलेल्या वर्गाला काय मिळालं? वर्षभर माझ्याकडे परीक्षणासाठी शोधनिबंध येतात, त्यांत हीच जागा मी सर्वांत आधी वाचते. पुष्कळदा ॲपच्या गटाला जादा सराव मिळालेला असतो, लगेच अभिप्राय मिळालेला असतो, आणि दुसऱ्या गटाला ‘नेहमीचं अध्यापन’ एवढंच. फरक पडतो, पण तो ॲपमुळे की जादा सरावामुळे, हे कसं ठरवणार?

हा मुद्दा जुना आहे. १९८३ साली रिचर्ड क्लार्क यांनी स्पष्ट लिहिलं की माध्यम हे फक्त वाहून आणणारं वाहन आहे. किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे आपलं पोषण बदलत नाही, तसंच माध्यमामुळे शिकणं बदलत नाही. रॉबर्ट कोझ्मा यांनी त्यांना विरोध केला : एखादं माध्यम अशा गोष्टी करू देतं ज्या दुसऱ्याने साधत नाहीत. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. आलेख हलवून समीकरण कसं बदलतं हे मुलांनी स्वतः पाहणं कागदावर जमत नाही. पण कागदावरचेच प्रश्न पडद्यावर आणणाऱ्या साधनासाठी शाळेने पैसे खर्च करू नयेत, हे मी ठामपणे सांगेन.

प्रश्न : मी पीएचडी करतो आहे. माझ्याच वर्गातल्या विद्यार्थ्यांचा डेटा वापरायचा आहे. त्यांनी संमतिपत्रावर सही केली की पुरे ना?

पुरे नाही. गुण तुमच्या हातात असताना विद्यार्थी ‘नाही’ म्हणू शकतो का, हा खरा प्रश्न आहे. आमच्याकडे संमती घेताना मी वर्गाबाहेर थांबते. एक सहकारी फॉर्म भरून घेतात, पाकीट बंद करून स्वतःकडे ठेवतात आणि सत्राचे गुण लागल्यावरच माझ्या हाती देतात. तोवर कोण होकार देऊन बसलंय हे मला ठाऊक नसतं. नैतिकता समितीला तुमच्या अर्जात हीच व्यवस्था लिहून द्या.

प्रश्न : एआय आता एकेका मुलाला वेगळं शिकवू शकतो. मग शिक्षकाची गरज उरेल का?

वैयक्तिक शिकवणीची ताकद खरी आहे. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ साली अनेक अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा शिकवणी न मिळालेल्यांच्या तुलनेत पायरीपायरीने मदत करणाऱ्या संगणकीय शिकवणीचा परिणाम ०.७६ आणि माणसाने दिलेल्या शिकवणीचा ०.७९ निघाला (हे आकडे प्रमाण विचलनात, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्या मापात). जवळजवळ सारखाच. पण ती साधनं उत्तर सांगत नव्हती, तुमची पायरी कुठे चुकली ते दाखवत होती. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तुर्कीतल्या शाळकरी मुलांवरच्या अभ्यासात हा फरक लख्ख दिसतो. साधा चॅटबॉट हाताशी असताना मुलांची गणिताच्या सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर तो कधीच न वापरलेल्या मुलांपेक्षा ती १७ टक्के मागे पडली. शिक्षकांच्या मदतीने बांधलेल्या, फक्त इशारे देणाऱ्या चॅटबॉटने हे नुकसान बरंचसं टळलं. ते इशारे कुठे द्यायचे हे शिक्षकांनाच माहीत होतं, यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

प्रश्न : मी नव्याने रुजू झालो आहे. वरिष्ठ म्हणतात, समित्यांची कामं टाळ, बढतीत ती मोजली जात नाहीत. तुमचा सल्ला?

सगळ्या समित्या घेऊ नका, पण एक जरूर घ्या आणि ती निवडून घ्या. आमच्या विषयात साधनं निवडण्याची समिती सोडू नये. माझे शोधनिबंध थोडेजण वाचतात, पण त्या समितीने घेतलेलं सॉफ्टवेअर प्रत्येक विद्यार्थ्याला रोज वापरावं लागतं.

यंदा आम्ही एक चाचणी-प्रणाली पाहिली. सादरीकरण देखणं झालं. मग मी विनंती केली की माउस बाजूला ठेवा, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) सुरू करा आणि फक्त कीबोर्डवर एक प्रश्न सोडवून दाखवा. पहिल्या प्रश्नावर स्क्रीन रीडर म्हणाला, ‘बटण’. पुढे पुन्हा ‘बटण’. कोणतं बटण उत्तर नोंदवतं आणि कोणतं परीक्षा संपवतं, कळायला मार्ग नाही. तारखेच्या चौकटीत गेल्यावर तर टॅब कितीही दाबला तरी बाहेरच पडता येईना. दृष्टिहीन विद्यार्थ्याची परीक्षा तिथेच थांबली असती. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा, बटणांना नावं असावीत, कीबोर्ड कुठे अडकू नये, हे सगळं वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत २००८ पासून लिहिलेलं आहे. आम्ही ते खरेदीच्या अटींत घातलं आणि दुरुस्ती होईपर्यंत होकार दिला नाही.

उपशीर्षकांचंही तसंच. आपोआप तयार होणारी उपशीर्षकं नेमकी तांत्रिक संज्ञांवर घसरतात, आणि कर्णबधिर विद्यार्थ्याला त्याच संज्ञा हव्या असतात. ती तपासायला माणूस आणि वेळ द्यावा, हे आम्ही समितीतून मंजूर करून घेतलं. वर मेयर यांचं जे सांगितलं त्याच्याशी याचा विरोध नाही. उपशीर्षकं हवी त्याने लावावीत, नको त्याने बंद करावीत.

वार्षिक अहवालात ‘सेवा’ या रकान्यात नुसतं समितीचं नाव लिहू नका. तुम्ही असताना कोणती अट बदलली, त्यामुळे कोणाला काय वापरता येऊ लागलं, ते दोन ओळींत लिहा आणि इतिवृत्ताची प्रत जोडा. बढतीच्या वेळी वाचणाऱ्यांपुढे ते कागदावर असलं पाहिजे.