लोकलचं तिकीट शिळं होतं

मुंबईत नवा आहेस म्हणून सांगतो. सकाळी रांग नसताना लोकलचं तिकीट काढून ठेवायचं आणि निघायचं दुपारी, हे चालत नाही. साध्या तिकिटावर एका तासात प्रवास सुरू करावा लागतो. त्यानंतर टीसीच्या लेखी तू विनातिकीट: भाडं, वर किमान २५० रुपये. सेकंडच्या तिकिटावर गर्दीच्या रेट्यात फर्स्टमध्ये ढकलला गेलास तरी सुटका नाही, भाड्यातला फरक आणि दंड दोन्ही. पास घरी विसरलास तरी तीच गत. पैसे भरलेस तर पावती घेतल्याशिवाय हलू नकोस.