अमेरिकन लोकांची मूळ राजकीय मूल्यं कोणती? सरकारवर त्यांचा एवढा अविश्वास का? ते स्वतःपुरतं बघतात, म्हणून त्यांना सरकार नको असतं का?

स्वातंत्र्य, समता, व्यक्तिवाद, मर्यादित सरकार ही यादी कुठेही मिळेल. पण "अमेरिकन माणूस स्वतःपुरतं बघतो, म्हणून त्याला सरकार नको" हे तुम्ही प्रश्नात गृहीत धरलंय, ते साफ चूक. सरकार त्याला हवं असतं, तिजोरीची किल्ली मात्र तो सोडत नाही.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली टाउन मीटिंग, म्हणजे गावची सभा बघा. मार्चचा पहिला मंगळवार. गावच्या खर्चावर मतदार स्वतः मत देतात. विषयपत्रिका, म्हणजे 'वॉर्निंग', 30 ते 40 दिवस आधी लावावी लागते. गावाचा कारभार बघणारं सिलेक्टबोर्ड एखादा विषय टाळत असेल, तर वेळेत 5 टक्के मतदारांच्या सह्या आणायच्या. विषय गावच्या अखत्यारीतला असला की घ्यावाच लागतो.

समजा बर्फ काढायच्या ट्रकसाठी पैसे मागितलेत. एकाने प्रस्ताव मांडला, दुसऱ्याने अनुमोदन दिलं, तिसरा रक्कम कमी करायची दुरुस्ती सुचवतो. आधी मत दुरुस्तीवर, मग मूळ प्रस्तावावर. मॉडरेटरने, म्हणजे सभा चालवणाऱ्याने, आवाजावरून दिलेल्या निकालावर एकानेही लगेच शंका घेतली की डोकी मोजावी लागतात. 7 जणांनी मागितलं की चिठ्ठ्यांनी मतदान. शंका घ्यायला उशीर केलात तर संधी गेली.

नवखे फसतात ते सभेच्या शेवटच्या 'इतर विषय' मध्ये. मुद्दा तिथवर राखून ठेवतात आणि तावातावाने मांडतात, पण वॉर्निंगमध्ये नसलेल्या विषयावरचं मत बंधनकारक नसतं. घरी बसलेल्याला आधी कळवल्याशिवाय त्याच्या खिशाला हात लावायचा नाही, एवढंच त्यामागे आहे. अमेरिकेच्या संविधानातही तेच: कायद्याने मंजुरी मिळाल्याशिवाय तिजोरीतून पैसा निघत नाही. म्हणून 2018-19 मध्ये खर्चाची विधेयकं अडली आणि कित्येक केंद्रीय खाती 35 दिवस बंद राहिली.

आपल्याकडे महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के किंवा 100 मतदार, यातलं जे कमी ते. तेवढेही जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते. तिथे न फिरकणाऱ्यांनी दुसऱ्याला आपमतलबी ठरवू नये.

हां, टाउन मीटिंग ही न्यू इंग्लंडची, म्हणजे व्हरमाँटसह ईशान्येकडच्या काही राज्यांची पद्धत, सगळ्या अमेरिकेची नाही. तिथेही अनेक गावं आता दिवसभराच्या छापील मतपत्रिकेवर गेलीत. व्हरमाँटमध्ये सभेसाठी रजा कायद्याने मिळते, पण बिनपगारी. तासावर राबणारा येणार कसा? आणि 1787 चं संविधान प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामाला तीन-पंचमांश माणूस धरत होतं, हे 'समता' लिहिताना गाळू नका.