नावाचा फलक आणि आठवड्याचा गल्ला

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या व्यावसायिक रंगभूमीवरील प्रसिद्ध चेहरे आणि तिथल्या तिकीटविक्रीविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या वेळी निवडले आहेत.

प्रश्न : २०२५ साली ‘ऑथेल्लो’ने एका आठवड्यात २८ लाख डॉलर मिळवले, असे वाचनात आले. त्या वर्षीचे ते सर्वांत लोकप्रिय नाटक होते, असे यावरून म्हणता येईल का? आणि हे आकडे जाहीर कोण करते? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : हे आकडे ‘द ब्रॉडवे लीग’ ही निर्माते आणि नाट्यगृहमालक यांची संघटना जाहीर करते. हिशेबाचा आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी रात्री संपतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत प्रत्येक नाटकाच्या नावापुढे एकूण उत्पन्न, प्रेक्षकसंख्या, भरलेल्या आसनांची टक्केवारी, तिकिटाची सरासरी किंमत आणि झालेल्या प्रयोगांची संख्या मांडली जाते. बातमीत बहुधा केवळ उत्पन्नाचा आकडा येतो आणि तिथेच वाचकाची दिशाभूल होते.

आपण विचारलेलाच आठवडा जवळून पाहू. मार्च २०२५ मधला हा आठवडा एथेल बॅरिमोर थिएटरमधला आहे. शेक्सपिअरच्या या नाटकात हॉलिवूडचे दोन तारे होते : डेन्झेल वॉशिंग्टन ऑथेल्लोच्या भूमिकेत होते आणि जेक जिलेनहाल इयागोच्या. नाट्यगृहात सुमारे एक हजार आसने. आठवड्याला आठ प्रयोग, म्हणजे विकण्यासाठी जेमतेम आठ हजार तिकिटे. त्यांतून २८ लाख डॉलर यायचे तर प्रत्येक तिकिटाची सरासरी साडेतीनशे डॉलरच्या घरात जाते, आणि ती तशी गेलीही, कारण चांगल्या जागांचा दर ९२१ डॉलरपर्यंत चढवला होता. याचा अर्थ, या उत्पन्नामागे प्रेक्षकांची अफाट गर्दी नव्हती. मोजक्या आसनांसाठी लागलेली चढाओढ होती. त्याच आठवड्यात त्याहून मोठ्या नाट्यगृहात एखाद्या संगीत नाटकाला दीडपट माणसे बसली असतील आणि तरी त्याचा गल्ला याच्या निम्माच भरला असेल.

आणखी एक गोष्ट माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. एवढा गल्ला जमला तेव्हा नाटकाचे रीतसर उद्घाटनही झालेले नव्हते. पूर्वप्रयोग सुरू होते आणि २३ मार्चच्या उद्घाटनापूर्वी एकही समीक्षण छापून आले नव्हते. म्हणजे तिकीट घेणाऱ्याने नाटकाविषयी काहीही न ऐकता केवळ फलकावरच्या दोन नावांवर पैसे मोजले होते. पुढे समीक्षणे आली ती संमिश्र होती आणि टोनी या ब्रॉडवेच्या मानाच्या पुरस्कारांच्या नामांकनांत या निर्मितीला एकही स्थान मिळाले नाही, पण तिकीटखिडकीवर त्याचा परिणाम दिसला नाही. म्हणून ‘सर्वांत लोकप्रिय’ हे विशेषण मी वापरणार नाही. त्या आठवड्यापुरते ‘सर्वांत महाग विकले गेलेले’ असे म्हणेन.

याच मोसमात हॉलिवूडचे नट जॉर्ज क्लूनी यांच्या ‘गुड नाइट, अँड गुड लक’ने आठवड्याला ३३ लाखांचा आणि पुढे ४० लाख डॉलरचाही टप्पा ओलांडला. गद्य नाटकाने इतके उत्पन्न पूर्वी कधीच मिळवले नव्हते. परंतु त्यांचे विंटर गार्डन हे नाट्यगृह बॅरिमोरपेक्षा बरेच मोठे आहे, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘क्लूनी वॉशिंग्टनपेक्षा मोठे’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. प्रयोगसंख्येचेही तसेच आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात ‘विकेड’ या संगीत नाटकाने ५० लाख डॉलरचा पल्ला गाठला, तेव्हा त्या आठवड्यात आठऐवजी नऊ प्रयोग झाले होते, सुट्ट्यांचे दिवस होते आणि महिन्याभरापूर्वीच त्या कथेवरचा चित्रपट प्रदर्शित झालेला होता. त्या रंगमंचीय संचात चित्रपटातले कोणीही नव्हते. तिथे नाटकाचे नाव हाच तारा होता.

प्रश्न : गाजलेला चेहरा आणून तिकिटे खपवण्याची ही पद्धत अलीकडची आहे का? आणि तो चेहरा निघून गेला की नाटकाचे काय होते? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : पद्धत जुनी आहे. १९७५ साली ‘शिकागो’ या संगीत नाटकाच्या मूळ निर्मितीत ग्वेन व्हर्डन आजारी पडल्या आणि त्यांच्या जागी काही आठवडे लायझा मिनेली उभ्या राहिल्या, तेव्हा त्या प्रयोगांसाठी झुंबड उडाली होती. त्याच नाटकाची १९९६ पासून आजतागायत चालू असलेली पुनर्निर्मिती तर याच युक्तीवर आपले वय वाढवत आली आहे. दर काही आठवड्यांनी नायिका रॉक्सीच्या किंवा वकील बिली फ्लिनच्या भूमिकेत चित्रपट, दूरचित्रवाणी किंवा गायनक्षेत्रातले एखादे परिचित नाव येते. २००६ मध्ये गायक अशर आले, २०२२ मध्ये पॅमेला अँडरसन आल्या. नेपथ्य साधे, वेशभूषा काळी आणि आखूड, वाद्यवृंद रंगमंचावरच. त्यामुळे नवा माणूस थोड्या तालमींत त्यात बसवता येतो. ही सोय प्रत्येक नाटकाला नसते.

चेहरा निघून गेल्यावर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘द प्रोड्युसर्स’चे आहे. २००१ साली सेंट जेम्स थिएटरमध्ये नेथन लेन आणि मॅथ्यू ब्रॉडरिक यांच्या जोडीने हे नाटक सुरू झाले, त्याला विक्रमी १२ टोनी पुरस्कार मिळाले आणि त्याच वर्षी निर्मात्यांनी काही निवडक जागांना ४८० डॉलर असा तोवर न ऐकलेला दर लावला. काळ्या बाजारात जाणारा पैसा आपल्याच खिडकीवर यावा, हा त्यांचा युक्तिवाद होता. मार्च २००२ मध्ये ही जोडी बाहेर पडली. लेन यांच्या जागी आलेल्या गुणी नटाला महिन्याभरातच बदलण्यात आले आणि उत्पन्न उतरणीला लागले. अखेर २००३ च्या डिसेंबरअखेर ती जोडी काही महिन्यांसाठी परत आणली गेली, तशी खिडकीवर पुन्हा रांग लागली. नाटक २००७ पर्यंत चालले खरे, पण पहिल्या वर्षातला तो जोर त्याला पुन्हा टिकवता आला नाही. त्या जोडीचे काम उत्तमच होते. चूक झाली ती प्रेक्षकाला ‘ही दोन माणसे म्हणजेच हे नाटक’ असे शिकवण्यात, आणि एकदा ते शिकवले की ते विसरायला लावणे फार कठीण जाते.

याच्या उलटही घडते. २०२२ मध्ये ‘फनी गर्ल’ या संगीत नाटकाचे आठवड्याचे उत्पन्न दहा लाख डॉलरच्या खाली आले होते. प्रमुख भूमिकेतील बीनी फेल्डस्टीन जुलैअखेर बाहेर पडल्या, सप्टेंबरमध्ये लिया मिशेल आल्या आणि वर्षअखेरीच्या आठवड्यात तोच खेळ, तेच नेपथ्य आणि तेच नाट्यगृह असताना गल्ला २४ लाखांवर गेला. मधला महिनाभर आणि पुढे दर गुरुवारी ही भूमिका ज्युली बेन्को करीत असत. जाणकारांनी त्यांचे मनापासून कौतुक केले, तरी उत्पन्नाच्या तक्त्यात त्या कौतुकासाठी रकाना नाही, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : मोठा गल्ला म्हणजे मोठा नफा, असे समजावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तसे समजू नये. जाहीर होते ते एकूण उत्पन्न. त्यातून नाट्यगृहाचे भाडे, नटसंच, वादक आणि पडद्यामागचे कामगार यांचे पगार, लेखक-संगीतकारांचे मानधन आणि जाहिरात असा आठवड्याचा ठरलेला खर्च जातो. मोठा तारा असेल तर त्याला पगाराशिवाय उत्पन्नाचा हिस्साही द्यावा लागतो. या खर्चावर जे उरते, त्यातून आधी भांडवलाची परतफेड होते आणि मगच नफा सुरू होतो. ब्रॉडवेवरच्या बहुसंख्य निर्मिती भांडवलही परत मिळवू शकत नाहीत. आठवड्याचा खर्च मात्र जाहीर होत नाही, त्यामुळे आठ लाख मिळवणारे लहान नाटक फायद्यात आणि बारा लाख मिळवणारे मोठे संगीत नाटक तोट्यात, हे सहज शक्य असते.

तारा असलेली नाटके बहुधा ठरावीक आठवड्यांचीच का असतात, याचेही उत्तर इथेच मिळते. चित्रपटातला नट तीन-चार महिन्यांपेक्षा अधिक काळ देऊ शकत नाही; तेवढ्या मुदतीत भांडवल सोडवायचे असेल तर तिकिटाचा दर चढवण्यावाचून निर्मात्याला दुसरा मार्ग उरत नाही. आपल्याकडे नाटक शनिवार-रविवारी एका नाट्यगृहातून दुसऱ्या नाट्यगृहात फिरते आणि नटाला प्रयोगामागे ‘नाइट’ मिळते. तिथे नाटक एकाच वास्तूत मुक्काम ठोकते आणि बुधवारी दुपारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असल्या, तरी खर्च चालूच राहतो.

प्रश्न : या साऱ्यातून रंगभूमीचे काही भले होते का? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : प्रथम दोन मोसमांचे आकडे पाहू. २०१८-१९ मध्ये ब्रॉडवेचे एकूण उत्पन्न सुमारे १८३ कोटी डॉलर होते आणि प्रेक्षक सुमारे १ कोटी ४८ लाख. २०२४-२५ मध्ये उत्पन्न १८९ कोटींवर गेले. तो विक्रम म्हणून साजरा झाला, पण प्रेक्षक होते सुमारे १ कोटी ४७ लाख. म्हणजे पैसा वाढला, माणसे वाढली नाहीत. आणि मधल्या वर्षांतली महागाई धरली, तर पैसाही वाढला असे म्हणता येत नाही. साडेतीनशे डॉलर सरासरीच्या नाटकाला शिक्षक, विद्यार्थी आणि निवृत्त माणसे जाऊ शकत नाहीत. रंगभूमी वर्षानुवर्षे ज्यांच्या जिवावर उभी राहते, तो प्रेक्षक हाच.

तरीही ही पद्धत सर्वस्वी वाईट आहे, असे मी म्हणणार नाही, कारण ‘मेरिली वी रोल अलाँग’ माझ्यासमोर आहे. स्टीफन साँडहाइम यांचे संगीत असलेले हे नाटक १९८१ साली अवघ्या १६ प्रयोगांत बंद पडले. त्याची रचना उलट्या काळक्रमाची आहे. तुटलेल्या मैत्रीपासून सुरुवात होते आणि ती जुळली त्या पहाटेपाशी शेवट. चाळीस वर्षे त्याच्यावर ‘सुंदर गाण्यांचे फसलेले नाटक’ असा शिक्का होता. २०२३ मध्ये मारिया फ्रिडमन यांच्या दिग्दर्शनाखाली ते हडसन थिएटरमध्ये आले, तेव्हा तिघा मित्रांच्या भूमिकांत जोनाथन ग्रॉफ, लिंडसे मेंडेझ आणि डॅनियल रॅडक्लिफ होते. जादूगार मुलाच्या भूमिकेने जगभर ओळखले जाणारे रॅडक्लिफ नसते, तर या नाटकावर पुन्हा पैसा लावायला कोण धजले असते? मात्र फ्रिडमन यांनी ते आधी एका छोट्या नाट्यगृहात बसवून पारखून घेतले होते आणि रॅडक्लिफ तिघांतले एक म्हणूनच उभे राहिले. निर्मितीचे भांडवल सुटले, सर्वोत्कृष्ट पुनर्निर्मितीचा टोनी मिळाला, ग्रॉफ आणि रॅडक्लिफ यांनाही तो मिळाला. आणि प्रसिद्ध नावाच्या ओढीने आलेली तरुण मुले साँडहाइमची गाणी पाठ करून घरी गेली. मिळालेल्या प्रसिद्धीचा असा उपयोग करणारा निर्माता मला मनापासून आदरणीय वाटतो.

प्रश्न : उन्हाळ्यात आई-बाबा ठाण्याहून आमच्याकडे येणार आहेत. त्यांना एखाद्या मोठ्या कलाकाराचे नाटक दाखवावे, अशी इच्छा आहे. एवढे महाग तिकीट काढून त्या दिवशी तो कलाकार आलाच नाही, तर? (एक वाचक, जर्सी सिटी)

उत्तर : हे होऊ शकते, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे कलाकाराचे नाव नाटकाच्या नावाच्या वर छापलेले आहे का. तसे असेल आणि तो अचानक अनुपस्थित राहिला, तर पैसे परत मिळण्याची किंवा तारीख बदलून मिळण्याची प्रथा आहे. नाव खाली असेल तर ती सोय नाही. दुसरी म्हणजे पूर्वसूचित सुट्ट्या. ‘हॅलो, डॉली!’मध्ये बेट मिडलर मंगळवारी काम करीत नसत, त्या दिवशी डॉना मर्फी उभ्या राहत आणि तसे आधीच जाहीर केलेले असे. अशा तारखेचे तिकीट काढल्यास तक्रारीला जागा राहत नाही. तिकीट नाटकाच्या अधिकृत खिडकीवरूनच घ्या, पुनर्विक्रेत्याकडून नको.

पण बदली कलाकार म्हणजे फसवणूक, असे कृपया मानू नका. एका बुधवारच्या दुपारी मी कार्यक्रमपत्रिका उघडली आणि आतली पांढरी चिठ्ठी मांडीवर पडली. ‘या प्रयोगात ही भूमिका अमुक करतील’, एवढाच मजकूर. माझ्या पुढच्या रांगेतून निराशेचा सुस्कारा ऐकू आला आणि मध्यंतराला तीच मंडळी त्या मुलीचे नाव वळून वळून वाचत होती. डिसेंबर २०२१ मध्ये ‘द म्यूझिक मॅन’च्या नायिका सटन फॉस्टर यांना कोविड झाला, तेव्हा कॅथी व्हॉयटको यांना दुपारी बाराला निरोप मिळाला, एक वाजता त्या भूमिकेची त्यांची पहिली तालीम झाली आणि संध्याकाळी त्या ह्यू जॅकमन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. अनेक भूमिका पाठ ठेवणाऱ्या अशा कलाकारांना तिथे ‘स्विंग’ म्हणतात. प्रयोग संपल्यावर जॅकमन यांनी प्रेक्षकांसमोर त्यांना पुढे आणले आणि स्विंग हे ब्रॉडवेचा पाया असल्याचे सांगितले.

खर्चाचा विचार असेल, तर टाइम्स स्क्वेअरच्या उत्तर टोकाला लाल पायऱ्यांखाली त्याच दिवसाची सवलतीची तिकिटे मिळतात, काही नाटकांची तर निम्म्या दरातही. नावाजलेल्या चेहऱ्यांची नाटके त्या फलकावर क्वचितच दिसतात. त्यांच्यासाठी रोजची सोडत असते का, हे त्या नाटकाच्या संकेतस्थळावर पाहा. नशीब उघडले तर तेच आसन पन्नास डॉलरच्या आसपास मिळू शकते, पण आई-बाबांना नेमके त्याच दिवशी न्यायचे असेल, तर सोडतीवर विसंबू नका. महिनाभर आधी, मधल्या वारी दुपारच्या प्रयोगाचे तिकीट काढून ठेवा.