आयव्हीएफ आधी की फ्लॅट आधी?

प्रश्न : माझं वय 35, मिस्टरांचं 38. सांगलीत भाड्यानं राहतो. दोनदा आययूआय (शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडणं) करून झालं, आता डॉक्टर आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करा म्हणतात. एका सायकलचे, म्हणजे उपचाराच्या एका फेरीचे, 1 लाख 70 हजार, इंजेक्शनं वेगळी, ती 70 हजारांपर्यंत जातील. तीन सायकलचं पॅकेज साडेचार लाखांना आहे, फायनान्स कंपनी 22,500 चे 24 हप्ते करून देते. आमच्याकडे फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी इक्विटी म्युच्युअल फंडात साडेसात लाख, एफडी तीन लाख, पीपीएफ चार लाख आहेत. मी खासगी शाळेत, ते कंपनीत. दोघांचे मिळून 92 हजार येतात, खर्च 50 हजार. दीर म्हणतात, फ्लॅटचे पैसे मोडू नका, हप्ते करा. काय करावं?

उत्तर : ताई, फ्लॅट पुढे ढकला. सांगलीत दोन-तीन वर्षांनी फ्लॅट थोडा महाग मिळेल, पण मिळेल. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांचा साठा आणि दर्जा झपाट्यानं उतरतो, त्याला कुठलाच हप्ता लागू पडत नाही. दीरांचा हिशेब घरापुरता बरोबर आहे, इथे तो चुकतो.

आता पॅकेज. तिन्ही सायकल लागल्या तर सुट्या हिशेबानं 5 लाख 10 हजार झाले असते, म्हणजे पॅकेजमुळे 60 हजार वाचले. पण 22,500 गुणिले 24 करा : 5 लाख 40 हजार. व्याजातच 90 हजार गेले. तुम्हाला 'वर्षाला फक्त 10 टक्के' असं सांगितलं असेल. तो फ्लॅट रेट, म्हणजे हप्ते फेडत गेलात तरी पूर्ण मूळ रकमेवरच धरलेलं व्याज. घटत्या शिल्लकीवर तोच दर 18 टक्क्यांच्या आसपास बसतो. आणि पहिल्याच खेपेला रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, देवाच्या कृपेनं यावाच, तर उरलेल्या दोन सायकलचे पैसे परत मिळणार का? मध्येच डॉक्टरांनी दात्याचं स्त्रीबीज सुचवलं, तर ते पॅकेजमध्ये बसतं का? हे लेखी घेतल्याशिवाय सही करू नका. मी तर म्हणेन, पॅकेज नकोच. एकेक सायकल रोखीनं करा.

तुमच्या वयाला पहिल्या सायकलमध्ये मूल होण्यापेक्षा न होण्याचीच शक्यता जास्त, हे मनाशी धरूनच बजेट करावं लागतं. मी सहा लाखांची मर्यादा घालतो. दोन पूर्ण सायकल, म्हणजे दोन एग पिकअप (स्त्रीबीजं बाहेर काढणं), इंजेक्शनांसह 4 लाख 80 हजार. एका फ्रोझन ट्रान्सफरला (गोठवून ठेवलेला गर्भ नंतर गर्भाशयात सोडायला) साधारण 70 हजार धरा. क्लिनिकचा आकडा आधी विचारा, आणि गर्भ फ्रीझ करून ठेवण्याचं वार्षिक भाडंही. उरलेले 50 हजार तपासण्या, येणं-जाणं आणि शाळेतल्या बिनपगारी रजांसाठी. ही मर्यादा दोघांनी आजच कागदावर लिहा. निगेटिव्ह रिपोर्ट हातात असताना 'अजून एकदा करून बघू'ला नाही म्हणणं कुणालाच जमत नाही, आणि नेमकं त्याच दिवशी नवं महागडं तंत्र सुचवलं जातं.

पैसे फंडातून काढा, पण सगळे एकदम नकोत. पहिल्या सायकलचे अडीच-तीन लाख आताच काढून बचत खात्यात किंवा लिक्विड फंडात ठेवा. इंजेक्शनं सुरू झाल्यावर बाजार पडला तर ट्रीटमेंट थांबवता येणार नाही. वर्षाहून जुन्या युनिट्सवर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. शक्य असेल तर दुसऱ्या सायकलचे पैसे 1 एप्रिलनंतर काढा. एफडीला हात लावू नका, तो तुमचा सहा महिन्यांचा खर्च आहे. पीपीएफही राहू दे.

विम्याची फार आशा नको. वंध्यत्वावरचे उपचार बहुतेक वैयक्तिक पॉलिसींत सरळ वगळलेले असतात. मिस्टरांच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी मात्र एचआरकडून मागवून वाचा. काही कंपन्या आयव्हीएफला ठरावीक रक्कम देतात. त्यात प्रसूतीचं कव्हर किती आणि बाळ पहिल्या दिवसापासून धरतात का, तेही बघा. आयव्हीएफमध्ये जुळ्यांची आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची शक्यता जास्त असते, आणि एनआयसीयूचं (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं) बिल सायकलच्या खर्चालाही मागे टाकू शकतं. आयकरात या खर्चाला वेगळी सूट नाही. आयव्हीएफ सेवेवर जीएसटी लागत नाही, हे 2022 मध्ये स्पष्ट झालंय. बिलात तो दिसला तर विचारा.

क्लिनिकची एआरटी कायद्याखालची (आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा) नोंदणी 'लेव्हल 2' ची आहे ना, तेवढं बघा. लेव्हल 1 ला आयव्हीएफ करता येत नाही. मुंबईला राहायची सोय होत असेल तर सरकारी कामा रुग्णालयातल्या आयव्हीएफ केंद्रातही चौकशी करा. पण तिथल्या तारखेसाठी सहा-सहा महिने वाट बघू नका.

एसआयपी चालू असेल तर निम्मी करा आणि ती रक्कम आरडीत वळवा. पहिल्या सायकलनंतर क्लिनिकचं सविस्तर बिल घेऊन परत लिहा, दुसऱ्याचं गणित त्यावरून मांडू.