इंग्लंडमधल्या जुन्या हवेल्यांची कॉन्व्हेंट्स, म्हणजे नन्सचे मठ, का झाली? त्यात मूळ वास्तूचं नुकसान झालं का?

नुकसानीचा प्रश्न मी माझ्या मामेभावाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलाय की आधी तोच घेते. नाही झालं. निदान आमच्या इथे तरी जे पडायचं ते आधीच पडलं होतं, आणि पाडणारे खानदानी मालक होते.

एसेक्समध्ये चेम्सफर्डजवळ बोरहॅमला न्यू हॉल नावाचा जुना वाडा आहे. आता तिथे शाळा आहे. हा मामेभाऊ, म्हणजे दादा, पुण्यात आर्किटेक्ट. तो आमच्याकडे आला तेव्हा शाळेची परवानगी काढून मी त्याला मुद्दाम घेऊन गेले. उत्तरेच्या दर्शनी बाजूसमोर तो बराच वेळ उभा होता. लाल विटांचं बांधकाम, भिंतीतून पुढे आलेल्या सात भव्य बे विंडो, दारावर पहिल्या एलिझाबेथचं राजचिन्ह आणि तिची स्तुती करणारा इटालियन मजकूर. फोटो काढून झाले आणि तो म्हणाला, "बाकीचा वाडा नन्सनी पाडला असणार. शाळा काढायची म्हटलं की असंच होतं."

मला राग आला. मी स्वतः नन्सकडे शिकले आहे. वाचायचं कसं हे मला त्यांनी शिकवलं. तिथेच उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं.

हा वाडा आठव्या हेन्रीने १५१६ मध्ये थॉमस बुलिनकडून, म्हणजे पुढे त्याची राणी झालेल्या अ‍ॅनच्या वडिलांकडून घेतला, वाढवून त्याचा राजवाडा केला आणि नाव ठेवलं ब्यूली. १५७३ मध्ये एलिझाबेथने तो ससेक्सच्या अर्लला देऊन टाकला. दादा ज्या सात खिडक्यांवर भाळला, त्या या अर्लच्या. पुढे बकिंगहॅमचा ड्यूक, क्रॉमवेल, जनरल मंक असे हात बदलत अठराव्या शतकात वाडा जॉन ऑल्मियसकडे आला. त्याने बहुतेक राजवाडा पाडला आणि उत्तरेची बाजू तेवढी ठेवली. चॅपलची रंगीत काचेची मोठी खिडकीही त्याने विकली. वेस्टमिन्स्टरच्या सेंट मार्गारेट चर्चने ती १७५८ मध्ये घेतली, आजही पूर्वेच्या भिंतीत आहे.

नन्स आल्या १७९९ मध्ये. तेव्हा पाडण्यासारखं उरलं होतं काय?

आता का आल्या ते. हेन्रीने मठ बंद केल्यावर इंग्लिश कॅथलिक मुलींना नन व्हायचं तर समुद्रापलीकडे जावं लागे. न्यू हॉलच्या या नन्स होली सेपल्कर पंथाच्या. त्यांचा मठ सुझन हॉली यांनी १६४२ मध्ये लिएजला, आजच्या बेल्जियममध्ये, काढला. १७९४ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या फौजा आल्या तशा त्या इंग्लंडला पळाल्या आणि यॉर्कशायर, विल्टशायर असा आसरा शोधत इथे पोचल्या. १७९१ च्या कायद्याने कॅथलिकांना प्रार्थनेची आणि शाळेची मोकळीक मिळाली होती. मोठं कुटुंब, जेवणाची एकच पंगत, चॅपल, भोवती कुंपण आणि शेती, एवढं सगळं तयार मिळेल अशी जागा जुन्या हवेलीशिवाय कुठली? कॉर्नवॉलच्या लॅनहर्नची हवेली तर लॉर्ड अरुंडेल यांनी अँटवर्पहून आलेल्या कार्मेलाइट पंथाच्या नन्सना १७९४ मध्येच राहायला दिली.

न्यू हॉल राजघराण्याकडे होता ५७ वर्षं. नन्सकडे २०६, म्हणजे २००५ पर्यंत. हेन्रीचं दगडी राजचिन्ह त्यांनी चॅपलमध्ये जपलं, ज्याने मठ मोडले त्याचं! तरी दादा म्हणतो, खरी वास्तू ससेक्सबरोबर संपली. छप्पर कोणी शाकारलं, गळती कोणी काढली, याला वास्तूचा इतिहास म्हणायचं नाही, तर मग कशाला म्हणायचं? तुम्ही आर्किटेक्चर शिकत असाल तर कुठल्याही हवेलीचा नकाशा बघताना फक्त बांधणाऱ्याचं नाव लिहून थांबू नका. देखभालीच्या वह्या मागा.

हे मी एका वाड्यावरून सांगितलं, सगळीकडे असंच असेल असं नाही. इथेही नन्सनी नवं बांधकाम जोडलं, आतल्या खोल्या बदलल्या. आणि वूस्टरशायरमधल्या स्टॅनब्रुकला बेनेडिक्टाइन पंथाच्या नन्स १८३८ मध्ये ज्या हवेलीत आल्या, तिच्याशेजारी त्यांनी मोठं अ‍ॅबीच, म्हणजे चर्चसकट मठ, उभारलं. २००९ मध्ये त्या तिथून यॉर्कशायरला गेल्या, आता तिथे हॉटेल आहे. लग्नं लागतात.