आठवड्यातून एकदा पुरत नाही

प्रश्न : बाबांना पाच महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. आमचं बोलणं त्यांना बऱ्यापैकी समजतं, पण शब्द ओठांवर येत नाही, मग चिडतात. स्पीच थेरपी आठवड्यातून एकदा, पाऊण तास. मामा म्हणतो, सहा महिन्यांनंतर काही सुधारत नाही, आताच रोज चार तास करा. खरं का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : सहा महिन्यांची भीती आधी मनातून काढा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या चाचणीत सहा महिने उलटून गेलेले रुग्णच घेतले होते. आठवड्याला किमान दहा तास थेरपी, असे निदान तीन आठवडे. त्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं.

पाऊण तास मात्र फारच कमी आहे. २५ अभ्यासांतल्या ९५९ रुग्णांची माहिती २०२२ मध्ये एकत्र तपासली गेली. आठवड्यातून तीन ते पाच दिवस थेरपी आणि जोडीला घरचा सराव, यात एकंदर भाषेचा फायदा सर्वांत जास्त दिसला. आठवड्याला तीन तासांहून कमी असेल, तर ऐकून समजण्यात सुधारणा दिसली नाही. रोज चार तासांचा हट्टही नको. जास्त तासांच्या थेरपीत रुग्ण मध्येच सोडून जातात, आणि थकलेल्या माणसाला येणारा शब्दही येत नाही. थेरपिस्टना विचारून तीन-चार दिवस तासभर बसवा. पैशाचं जमत नसेल तर दोन बैठका आणि बाकीचे दिवस त्यांनी लिहून दिलेला सराव.

सराव कसा? सकाळी पोहे वाढताना जिरावणाची (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची) डबी आणि शेवेची बरणी दोन्ही समोर धरा. ‘काय हवं?’ विचारा आणि थांबा, मनात दहा आकडे मोजून. नाहीच आलं तर नुसतं ‘जि…’ म्हणा. पूर्ण शब्द तुम्ही बोलू नका. घरच्यांना हे थांबणंच सगळ्यात जड जातं, मला माहीत आहे. शब्द हिंदीत आला तरी आनंदाने घ्या, दुरुस्त करू नका.

आणि शब्द त्यांचेच निवडा, पुस्तकातला हत्ती-उंट नको. ज्या शब्दांचा सराव होतो तेच प्रामुख्याने परत येतात. नातवंडांची नावं, औषधं, चहा, त्यांच्या रोजच्या दुकानदाराचं नाव अशी वीस-पंचवीस शब्दांची यादी बाबांना शेजारी बसवून करा, होकार-नकार त्यांनाच देऊ द्या, आणि पुढच्या बैठकीला घेऊन जा.