सर्व्हरमधली हार्ड डिस्क आवाज करतेय पण स्मार्ट 'पास्ड' दाखवतं, बदलून घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा ना, मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याचा सर्व्हर, ४ टीबीच्या २ डिस्क सॉफ्टवेअर रेड १ मध्ये (म्हणजे दोन्हींवर तोच डेटा), तिथला माणूस म्हणतो तुमच्या मशीनमधून घरघर येतेय, सर्व्हर अधूनमधून अडकतो, आणि स्मार्ट (डिस्क स्वतःच करते ती तब्येतीची तपासणी) मात्र 'पास्ड' म्हणतंय. दुसऱ्या डिस्कवर पेंडिंग सेक्टर (वाचता न आलेले तुकडे) २४, रीॲलोकेटेड (राखीव जागी हलवलेले) ८.

बदलून घ्या. आज बॅकअप, उद्या डिस्क. का ते सांगतो, आणि बदलताना लोक कुठे आपटतात तेही, कारण मी स्वतः आपटलोय.

मी इंदूरचा, रामबागेत राहतो, छावणीतले धान्याचे व्यापारी, क्लॉथ मार्केटमधली २-३ दुकानं, एक-दोन क्लासवाले, अशा लोकांचे सर्व्हर सांभाळतो. त्यातला एकही सर्व्हर इंदुरात नाही, सगळे बाहेरगावी भाड्याने. म्हणजे ज्या डिस्कपायी रात्र-रात्र जागलो त्यातल्या एकीचंही तोंड मी पाहिलेलं नाही, आवाज ऐकणं तर लांबच. त्यामुळे आवाजावर माझा विश्वास तसाही कमीच.

डेटा सेंटरमध्ये छोटे छोटे पंखे इतक्या जोरात फिरत असतात की त्यात एका डिस्कची घरघर ओळखायची म्हणजे दिवाळीच्या संध्याकाळी राजवाड्यावर उभं राहून कुणाच्या खिशातला फोन वाजतोय ते सांगायचं. घरघर बहुतेक वेळा पंख्याच्या बेअरिंगची निघते. आयपीएमआय (सर्व्हरची तब्येत दुरून बघायची सोय) दिलं असेल तर त्यात पंख्यांचे आरपीएम बघा, एखादा बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर चोर तोच. आणि गंमत म्हणजे खराब पंख्याच्या थरथरीने चांगली डिस्कसुद्धा मंद होते, २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेगने डिस्कच्या रॅकसमोर जाऊन चक्क ओरडून दाखवलं होतं आणि त्या क्षणी डिस्कला उत्तर द्यायला लागणारा वेळ वाढलेला ग्राफवर दिसला होता. तर पंखाही तपासून घ्या, दोन्ही दुखणी एकदम असू शकतात.

टक्-टक्-टक् अशी एका लयीत टिकटिक मात्र वेगळी गोष्ट. डिस्क वाचणाऱ्या हेडला आपली जागा सापडत नाही, ते परत मागे जातं, परत शोधतं, तो तो आवाज. (डब्ल्यूडीच्या काही मोठ्या डिस्क धडधाकट असूनही दर ५ सेकंदांनी एकदा टक् करतात, झीज सारखी व्हावी म्हणून, त्याला घाबरू नका.) तिथला माणूस खरंच लयीतली टिकटिक म्हणाला तर स्मार्टची लाँग टेस्ट वगैरे काही लावत बसू नका, आधी डेटा बाहेर काढा, कारण त्या टेस्टमध्ये अख्खी डिस्क वाचली जाते आणि मरणाऱ्या डिस्कला तेवढी मेहनत झेपत नाही.

आता 'पास्ड'चं. हा शब्द विसरा भिया. प्रत्येक नोंदीला कंपनीने एक खालची रेघ ठरवलेली असते, महत्त्वाच्या नोंदींपैकी कुणी त्या रेघेखाली गेलं तरच 'फेल्ड' येतं. पेंडिंग सेक्टरची रेघ कित्येक डिस्कवर शून्यालाच असते, म्हणजे तिच्यापायी नापास व्हायचा प्रश्नच नाही. गूगलने २००७ मध्ये आपल्या १ लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कवर मुख्य स्मार्ट खुणांपैकी एकही नव्हती. पण उलटं बघा, ज्या डिस्कवर पहिली स्कॅन एरर आली ती पुढच्या ६० दिवसांत मरायची शक्यता बाकीच्यांपेक्षा ३९ पट. म्हणजे स्मार्ट गप्प आहे म्हणून डिस्क बरी असं नाही, पण बोललं तर ऐकायचं.

बघायचं काय तर स्मार्टसीटीएल या कमांडच्या यादीत शेवटचा रॉ कॉलम, नंबर ५, १८७, १८८, १९७, १९८. ऑनलाइन बॅकअपच्या धंद्यातले बॅकब्लेझवाले हेच पाच बघतात. १९७ म्हणजे जे सेक्टर वाचता आले नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागायचाय, तिथे पुन्हा लिहिलं गेलं की एकतर सेक्टर ठीक निघतो नाहीतर त्याच्या जागी राखीव सेक्टर लागतो आणि ५ नंबर वाढतो. म्हणून उद्या २४ चे ० झाले तर पेढे वाटू नका. १९९ वाढत असेल तर केबलचा दोष, डिस्क बिचारी निर्दोष, आणि तो आकडा केबल बदलली तरी मागे जात नाही, वाढायचा थांबला का एवढंच बघायचं. सीगेटच्या डिस्कवर १ आणि ७ नंबरला कोट्यवधीतले आकडे दिसतात, त्याने माझ्या एका मित्राला रात्री २ वाजता घाम फुटला होता, त्यात एरर आणि एकूण कामाची मोजणी एकत्र कोंबलेली असते, सोडून द्या.

तुमचा सर्व्हर अडकतो त्याचा पुरावा मात्र आयओस्टॅट या कमांडमध्ये मिळेल आणि मला स्मार्टपेक्षा तोच आवडतो. रेड १ मधल्या दोन डिस्क म्हणजे जुळी भावंडं, काम जवळपास सारखंच, तर ५ सेकंदांच्या अंतराने दोघींचा अवेट (उत्तराला लागलेला वेळ) शेजारी शेजारी बघा. ७,२०० आरपीएमची बरी डिस्क साधारण १०-१५ मिलिसेकंदांत उत्तर देते, एक तिथे आणि दुसरी ३००-४०० वर असेल तर मग आवाज कोण करतंय ते विचारायची गरजच नाही. डेस्कटॉपवाली डिस्क असेल तर एका खराब सेक्टरवर मिनिटभरसुद्धा अडून बसते, लिनक्स ३० सेकंदांत कंटाळून लिंक रीसेट करतं, डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या नोंदींत) 'यूएनसी' (वाचता न आलेला सेक्टर) आणि 'हार्ड रीसेटिंग लिंक' दिसेल. मधेच एक, सर्व्हर डेबियन असेल आणि महिन्याच्या पहिल्या रविवारीच मंद होत असेल तर ती रेडची ठरलेली तपासणी असते, उगाच डिस्कवर आळ नको.

आता माझं आपटणं. एका व्यापाऱ्याचा सर्व्हर, असंच रेड १, मी तिकिटात लिहिलं "दुसरी डिस्क बदला". माझी दुसरी म्हणजे लिनक्स जिला एसडीबी म्हणतं ती, तिथल्या माणसाने डावीकडून मोजलं आणि चांगली काढली. चालू सर्व्हरमधून. राहिली ती खराब, तिने दोन तास तग धरला आणि बसली, आणि मी आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून दिवसभराची बिलं परत भरून घेतली, व्यापारी मागे खुर्ची टाकून बसलेला, बोलत काहीच नव्हता, फक्त चहा मागवत होता.

तेव्हापासून तिकिटात सिरियल नंबर लिहितो, दोन्ही. "ही काढा" आणि "ही काढू नका". खराब डिस्क इतकी गेलेली असेल की सिरियलच देत नाही तर निदान चांगलीचा तरी द्यायचाच. काढायच्या आधी एमडीॲडम या रेडच्या कमांडने तिला फेल आणि रिमूव्ह करा, आणि ग्रब (सर्व्हर सुरू करणारा प्रोग्राम) दोन्ही डिस्कवर आहे का बघा, नाहीतर पहिली डिस्क गेली की डेटा सुखरूप आणि सर्व्हर चालूच होत नाही असा प्रकार होतो.

रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा परत उतरवणं) रात्री लावा आणि त्याआधीच बॅकअप दुसऱ्या जागी गेलेला हवा, कारण रीबिल्डमध्ये उरलेली डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते आणि ती बहुतेक त्याच लॉटमधली, त्याच वयाची असते. तिचेही ५ आणि १९७ आत्ताच बघून ठेवा.

आणि नवीन आलेल्या डिस्कचा ९ नंबर बघा, चालू तास. वर्षाचे ८,७६० तास होतात. मला एकदा 'नवीन' म्हणून ४१,००० तासांची लावून दिली होती, मी त्याच तिकिटाला उत्तर देऊन परत बदलायला लावली, संध्याकाळपर्यंत खरी नवीन आली.